जहाजाचं पोट

मान तिने हलवली नव्हती, ती हलली होती. यात फरक आहे असं तिचं ठाम म्हणणं होतं, आणि हे म्हणणं ऐकायला समोर कुणी नसल्यामुळे ती ते सोमवारी सकाळपासून भांड्यांना, गॅसला आणि खिडकीत वाळत ठेवलेल्या ब्रशांना ऐकवत होती. झालं होतं एवढंच की रविवारी धाकट्या भावाच्या आग्रहाखातर ती त्याच्या मंडळाच्या बैठकीला गेली. शिवणयंत्रांच्या दुकानावरची लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एकच आडवी निळी रेघ आणि तिच्याखाली मंडळाचं नाव, 'सरळ नजर'. पृथ्वी गोल नाही, सपाट आहे, असं मानणारी ही माणसं. तिने मनातल्या मनात त्यांचं नाव सपाटीवाले असं ठेवलं होतं. माणसं तशी बरी होती, तिला पंख्याखालची खुर्ची दिली, सरबत दिलं. मग धाकटा उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि तिच्याकडे हात करून म्हणाला, "ही माझी ताई. नाटकांचे पडदे रंगवण्यात हिचं आयुष्य गेलं. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे काय ते हिच्याइतकं कुणाला कळणार? ताई, तूच सांग, लांब जाणारी वस्तू बारीक होत होत शेवटी दिसेनाशी होते की नाही?" आता यात खोटं काय होतं? होतेच दिसेनाशी. सगळी खोली तिच्याकडे वळली, धाकट्याचे डोळे चमकत होते, असे चमकताना तिने ते फार वर्षांत पाहिले नव्हते, आणि तिची मान हलली. टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइल धरून बसलं होतं. खोलीतून बाहेर पडताना तिला कळलं की आपण एका प्रश्नाला हो म्हटलं आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लागलं.

दोन दिवसांत ती मान गावभर झाली. औषधाच्या दुकानातल्या पोराने गोळ्या पुडीत बांधता बांधता विचारलं, "मावशी, तुम्ही पण त्यातल्याच का?" ती म्हणाली, "मी कुणातलीच नाही रे बाबा, मी माझ्यातली." पण घरी येताना तिला मानेत काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं, उशी चुकल्यावर वाटतं तसं. लहानपणी आई तिला लोखंडी मानेची म्हणायची. शाळेत बाई म्हणाल्या चूक कबूल कर, हिने नाही केली, कारण चूक हिची नव्हती. दिवसभर बाकावर उभी राहिली पण मान खाली गेली नाही. मुलगा बघायला आला तेव्हा त्याच्या काकांनी विचारलं, लग्नानंतर हे रंगकाम सोडशील ना, तेव्हाही नाही. ते स्थळ गेलं, नंतरची दोन गेली, पुढे यायचीच बंद झाली, आणि तिला त्याची रुखरुख कधी लागली नाही. अशी ती मान. आणि आता या वयात, पंख्याखाली बसून, सरबताचा पेला हातात धरून, हलली. तिला स्वतःचा असा राग आला की तिने त्या दिवशी दोन्ही खोल्यांच्या फरश्या घासून काढल्या.

पण मान का हलली हेही तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणंच तिला जास्त टोचत होतं. धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. दुकान बंद पडलं, मालक मुलाकडे निघून गेला, आणि धाकटा तिच्याकडे राहायला आला तो थेट भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला म्हणजे झोपलेला नसायचा, डोळे उघडे असायचे. ती कामावरून यायची, ताट ठेवायची, उचलायची. "काय दिसतंय रे भिंतीत?" असं ती चेष्टेने विचारायची, तो म्हणायचा, "काही नाही." जवळजवळ वर्षभर तिच्या घरात पाठ राहत होती, भाऊ नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग कुठून तरी मोबाइलवर हे सपाटीवाले आले. आधी तो नुसता बघायचा, मग बघता बघता उठून बसला, मग भांडायला लागला, मग एका सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला आणि तो दाढी करून बाहेर आला. ती दारात उभी राहून हातातल्या फडक्याने डोळे पुसत होती आणि तो म्हणत होता, "ताई, क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं, तूच शिकवलंस ना मला?" त्या क्षणी तो पृथ्वी चौकोनी आहे म्हणाला असता तरी तिने त्याला शिरा करून घातला असता. मंडळाने तिला तिचा भाऊ परत दिला होता, थोडा वाकडा करून का होईना. उद्या आपण नाही म्हटलं आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला तर? हा प्रश्न तिच्या मानेवर बसला होता आणि त्यानेच रविवारी ती खाली दाबली होती.

आठवड्याने धाकटा नवीन टूम घेऊन आला. मंडळाचा मोठा मेळावा व्हायचा होता, नाटकाच्या थिएटरात, आणि व्यासपीठामागे त्यांना पडदा हवा होता. नुसता समुद्र, सरळ क्षितिज, आणि त्या क्षितिजावर लांब गेलेलं जहाज. "बारीक," तो म्हणाला, "अगदी तांदळाएवढं, पण अख्खं. पोटासकट. लोकांना दिसायला हवं की लांब जाणं म्हणजे नुसतं बारीक होणं. बुडणंबिडणं काही नसतं." तो 'बुडणं' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज किंचित खाली गेला, आणि तिने ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. "रंगवीन की," ती म्हणाली. पडदे रंगवणं तिचं काम. तिने आजवर राक्षसांचे महाल रंगवले होते, स्वर्ग रंगवला होता, तिथे एक सपाट समुद्र काय जड होता?

शेडमध्ये कापड जमिनीवर अंथरलं, सरस उकळला, निळा कालवला. आधी क्षितिज. निळीत भिजवलेली सुतळी दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची, की कापडावर सरळ रेघ उमटते. ही रेघ कुठे मारायची याचा नेम ठरलेला असतो, पुढच्या रांगांत बसलेल्या माणसाचे डोळे जिथे येतात तिथे. मग त्या रेघेवर एक खिळा. रस्ता असो, महालाचे खांब असोत, सगळ्या सुतळ्या त्या खिळ्याला बांधायच्या आणि जवळून लांब जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे बारीक करत न्यायची. धाकटा लहानपणी शाळा सुटली की शेडमध्ये येऊन हीच सुतळी धरून बसायचा. सुतळी ताण म्हटलं की ताणायचा, सोड म्हटलं की सोडायचा, आणि मधेच विचारायचा, "ताई, खिळ्याच्या पलीकडे काय असतं?" ती कामात असायची, म्हणायची, "काही नसतं, तिथे संपतं सगळं." आता सुतळी ताणताना तिला ते आठवलं आणि हसू आलं, मग हसू विरलं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर त्याने पुस्तकात पृथ्वी पाहिली असती आणि विषय संपला असता. हा खिळ्यापाशी वाढला. याच्यासाठी समुद्रालाही कुठेतरी खिळा होता, आणि सगळी जहाजं त्या खिळ्यात जमा होत होती, अख्खी, पोटासकट, फक्त फार बारीक. तसं त्याचं चुकलं कुठे? घरातलंच शिकलेला.

रात्री जेवताना तिने विषय काढून पाहिला. "हे बघ, खिळा सगळ्याला सारखंच बारीक करतो. माणूस लांब गेला की डोकं बारीक, पायही बारीक. पाय आधी खाऊन डोकं मागे ठेवणारा खिळा मी तरी पाहिला नाही."

"जहाजाचं पोट दिसत नाही ते हवेमुळे," तो म्हणाला. "वाफ असते पाण्यावर. आणि लाटा."

"लाट तुझ्या डोळ्यांपेक्षा उंच असेल तर तिच्याआड काही लपेल. तेवढी लाट आली तर जहाज बघत कोण उभं राहील? पळशील."

तो हसला नाही. "झूम केलं की जहाज परत येतं, ताई. मी स्वतः पाहिलंय. साध्या डोळ्यांना नसलेलं जहाज कॅमेऱ्यात येतं."

"बारीक झालेलं येतं. पोट गेलेलं येतं का?"

तो घास तसाच हातात धरून बसला. मग म्हणाला, "कॅमेरा अजून मोठा हवा." आणि ताट अर्धवट ठेवून उठला, आतल्या खोलीत गेला, आणि ती कान देऊन ऐकत राहिली की पलंग कोणत्या बाजूला कुरकुरतो. भिंतीच्या बाजूला की दाराच्या. कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाटा रंगवताना ती मनाने लहानपणच्या टेकडीच्या पायऱ्यांवर जाऊन पोचली. जायचं नव्हतं, पण निळा हात दिवसभर आडवा फिरत राहिला की मन कुठेही जातं. ती बारा वर्षांची, धाकटा सहाचा. बाबा मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात होते. निघाले की आई घरातच बसायची, दार लावून, आणि ही धाकट्याला घेऊन वाळूवर जायची. जहाज काळं, त्याचं पोट लाल, वर पांढरी खोली आणि धुराडं. त्या दिवशी हवा लख्ख होती. जहाज लहान होत गेलं, पण आकार नीट कळत होता, आणि मग ते लाल पोट गेलं. बारीक होऊन नाही गेलं. पांढरी खोली दिसत होती, धुराडं दिसत होतं, आणि खालचं पोट नव्हतं, पाण्याने खाल्ल्यासारखं. धाकट्याने किंकाळी फोडली. "ताई, बाबा बुडले! बाबा खालीच असतात!" इंजिनखाना जहाजाच्या पोटात असतो हे बाबांनीच त्याला सांगितलं होतं. तिलाही धडकी भरली, पण मोठ्या बहिणीला धडकी भरून चालत नाही. तिने त्याला पाठुंगळी घेतलं आणि वाळूवरून टेकडीच्या पायऱ्या चढत सुटली, का ते तिलाही ठाऊक नव्हतं. धाकटा गळ्याला गच्च धरून मागे बघत होता, आणि अर्ध्या चढावर ओरडला, "आलं! लाल आलं!" ती वळली. खरंच, जहाज अख्खं होतं, लाल पोटासकट, पाण्यावर आरामात बसलेलं. दोघं वेड्यासारखी हसली. पण जहाज काही यांच्यासाठी थांबणार नव्हतं. थोड्या वेळाने पोट पुन्हा जायला लागलं, आणि धाकटा टाचांनी तिच्या बरगड्यांना ढोसत म्हणायला लागला, "अजून वर चल, ताई. अजून वर." ती टेकडीच्या माथ्यापर्यंत गेली, तिथे पाण्याची टाकी होती, टाकीला लोखंडी शिडी, आणि शिडीपाशी मात्र ती थांबली. ते जहाज त्या खेपेला कुठल्याच बंदराला लागलं नाही. कुठे गेलं, कुणालाच कळलं नाही. तिथून पुढे धाकटा कधी वाळूवर आला नाही.

आणि एक गोष्ट ब्रश धुताना आठवली, तशी ती खाली बसली. म्हातारे पेंटर, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांनी तिला पहिल्यांदा समुद्राचा पडदा एकटीवर सोडला होता. तिने क्षितिजावर जहाज काढलं, लाल पोटासकट, जीव ओतून. म्हातारे आले, बघितलं, थुंकीने अंगठा ओला केला आणि एका फटक्यात पोट पुसून टाकलं. सरसाचा रंग, ओल लागली की निघतो. "लांबचं जहाज असंच दिसतं," एवढंच बोलून ते बिडी ओढायला गेले. ती त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती. असंच दिसतं हे तिला त्यांच्याआधीपासून ठाऊक होतं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. ठाऊक असूनच तिने पोट काढलं होतं. मग धाकट्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की अधिकार आपल्यालाच आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तिने जहाज धाकट्याने सांगितलं तसं काढलं. तांदळाएवढं काढून भागलं नाही, थिएटरात दिसलं नसतं, म्हणून तळहाताएवढं. अख्खं. लाल. सरळ क्षितिजावर ते शोकेसमध्ये मांडलेल्या खेळण्यासारखं दिसत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिची मान ताठ झाली.

मेळाव्याला गर्दी चांगली जमली. काही खरे सपाटीवाले, काही गंमत बघायला आलेले, पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त विमा एजंट, गोड माणूस. धाकटा लांब काठी घेऊन बोलत होता आणि फार सुंदर बोलत होता. असं बोलायला याला कुणी शिकवलं? वर्षभर भिंतीशी गप्प राहिलेला माणूस. विंगेत उभी राहून ती बघत होती आणि तिचा ऊर भरून येत होता आणि त्याच वेळी तिला त्याची काठी हिसकावून घ्यावीशी वाटत होती. दोन्ही खरं होतं. "हे जहाज," तो म्हणाला, काठीचं टोक लाल पोटावर टेकवून, "बुडत नाही. कुठल्या डोंगराआड जात नाही. ते आहे तिथेच आहे, अख्खं. आपली नजर कमी पडते, बस. हे ज्या हातांनी रंगवलं त्यांनाच विचारू या. ताई, ये ना." टाळ्या. ती आली. त्याने माइक तिच्याकडे धरला आणि हळूच, फक्त तिला ऐकू येईल असं म्हणाला, "नुसती मान हलव."

तसं म्हणाला नसता तर कदाचित हललीही असती. ती त्याला वळसा घालून पडद्यापाशी गेली, अंगठा जिभेला लावला आणि क्षितिजाच्या रेघेवर जहाजाचं पोट पुसून टाकलं. लाल रंग निळ्यात ओढला गेला. पांढरी खोली राहिली, धुराडं राहिलं. आणि ते जहाज, जे इतका वेळ खेळणं होतं, ते एकदम खूप लांब गेलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या तोंडून "अगंबाई" निघालं. मग गलका उठला. "हे काय चाललंय?" "पडदा बिघडवला!" "खाली उतरा!" अध्यक्ष अर्धवट उठून हात हलवत होते, "ताई, अहो ताई, असं नका करू, कार्यक्रम आहे."

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. "का केलंस?" तो म्हणाला. माइक त्याच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. "सगळ्यांसमोर पाडलंस मला."

"पाडलं," ती म्हणाली. "तू माझी मान घेतलीस ती परत घ्यायला आले. त्या दिवशी आपण काय पाहिलं ते सांग यांना. वाळूवरून पोट गेलं. पायऱ्या चढलो, पोट परत आलं. तू काय ओरडत होतास?"

त्याने काठीचं टोक जमिनीला टेकवलं.

"'पुढे चल' नाही म्हणालास. बारीक झालेल्या गोष्टीकडे माणूस पुढे धावतो. तू 'वर चल' म्हणालास. 'अजून वर.' सहा वर्षांचा होतास, तुला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या डोळ्यांना कळलं होतं की मधे पाण्याचीच पाठ आलीय, तिच्यावरून बघायचं तर उंच व्हायला हवं."

"खाली उतरा!" मागून पुन्हा कुणीतरी ओरडलं.

"आणि बाबा त्या दिवशी बुडले नाहीत," ती म्हणाली, आता त्यांच्याकडे न बघता. "तुला वाटलं तू त्यांना बुडताना पाहिलंस. नाही पाहिलंस. ते आपल्यापुरते पलीकडे गेले, एवढंच. तिथे ते पाण्यावरच होते, कोरडे, इंजिनापाशी. नंतर कुठे काय झालं ते तू पाहिलं नाहीस आणि मीही नाही. तेवढ्यासाठी अख्खी पृथ्वी दाबून सपाट करायची गरज नाही रे."

गलका वाढत होता. मागच्या रांगेत काही जण उभे राहिले होते, एक खुर्ची पडली, विंगेतला माणूस पडदा खाली घेऊ का म्हणून खुणा करत होता. धाकटा त्या पुसलेल्या जागेकडे बघत होता. ती त्याच्या खांद्यांकडे बघत होती, ते आता कोणीकडे वळतात, भिंतीकडे की तिच्याकडे. वळले ते तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा राग होता जो तिने त्याच्या सहाव्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

"मग अजून वर का नाही नेलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "टाकीला शिडी होती. मला दिसत होती शिडी. का थांबलीस?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. "खालून टाकीचा राखणदार ओरडला," ती म्हणाली.

"ओरडला!" त्याने काठी टाकून दिली आणि समोरच्या ओरडणाऱ्या अंधाराकडे हात केला. "तू? तू कधी कुणाच्या ओरडण्याला भ्यायलीस?"

"तेवढं एकदाच भ्याले," ती म्हणाली. "पाठीवर तू होतास."

माइक त्याच्या हातात होता, पण त्यातून आता फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. अध्यक्ष व्यासपीठाच्या कडेला येऊन हात जोडून तिला म्हणत होते, "ताई, झालं ते झालं, लोकांना एवढं तरी सांगा, लांबची वस्तू दिसेनाशी होते ना? नुसती मान हलवा, मी सांभाळून घेतो पुढचं." तिने लाल झालेला अंगठा पदराला पुसला. अध्यक्षांकडे बघत, धाकट्याला खेटून ती तशीच उभी राहिली, आणि मान हलवली नाही.